आत्यांनी घेतलेली मुलाखत

कळंबला कपड्यांचं तीन मजली दुकान निघणार, ही बातमी आमच्या येरमाळ्याच्या घरी एका साडीबरोबर आली. मी घरीच फॉल-पिकोचं काम करायचे. पलीकडच्या गल्लीतली एक बाई साडी टाकायला आली आणि पिशवीतून साडी काढताना एक रंगीत कागद खाली पडला. "स्टँडवर वाटायलेत," ती म्हणाली. वर दुकानाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'पाहिजेत'. विक्रीसाठी मुली, कॅशियर, आणि सगळ्यात शेवटी 'ग्राहक सेवा काउंटर'. थेट मुलाखतीला या, असं लिहून पुढच्या पंधरवड्यातला एक दिवस दिला होता.

बाई गेली. मी तो कागद मशीनवर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडं बघत बघत पिको केला.

संध्याकाळी ताटं वाढताना मी विचारलं, "मी जाऊ का मुलाखतीला?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचं हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार पुन्हा भरायची, असलं काम करणारा माणूस घाईनं काही बोलत नाही. "रोज कळंबला?" एवढंच म्हणाला. पाचवीतल्या मुलीनं विचारलं, "मग तू एसीत बसणार?"

सासूला आमच्या घरात आत्या म्हणायची पद्धत आहे. आत्या म्हणाल्या, "बसंल कशाची? उभं ऱ्हावं लागतंय तिथं. दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभं ऱ्हायचं, ते कशापायी गं?"

कारणं मी तयार ठेवली होती. आता नवी दुकानं साडीबरोबरच फॉल-पिको करून देतात, त्यामुळं माझं काम आटत चाललं होतं. मुलगी मोठी होत होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला सकाळी कुठंतरी जायचंय," मी म्हणाले.

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, सावकाश खाल्ला. मग म्हणाल्या, "जायचंच असंल तर हरायला जाऊ नको. तयारी करून जा."

माझी खरी अडचण त्यांना चांगली माहीत होती. कुणी आवाज चढवला की माझा गळा बंद होतो. रडू येत नाही, रागही येत नाही, नुसता आवाज जातो. मागं एकदा एका बाईनं मोरपंखी साडीला हिरवा फॉल लावून घेतला आणि आठ-दहा दिवसांनी येऊन दारातच ओरडायला लागली, साडीचा सत्यानाश केला म्हणून. तो फॉल तिनंच आणून दिला होता. हे मला माहीत होतं आणि तिलाही. पण मी मान खाली घालून साडी घेतली, फॉल उसवला, पदरमोड करून दुसरा लावून दिला. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "तोंड दिलंय का न्हाय देवानं तुला?"

आणि आता मी जिथं लोक तक्रार घेऊनच येणार, त्या काउंटरसाठी जायचं म्हणत होते. विक्रीच्या कामालाही जाता आलं असतं. साड्या मला कळतात. पण त्या कागदावरची शेवटची ओळच मला परत परत दिसत होती. जिथं माझा आवाज जातो, तिथंच उभं राहून बघावं असं मला वाटलं. असं का वाटलं, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

तयारीची सुरुवात मी मोबाईलवरून केली. मुलाखतीचे व्हिडिओ ढिगानं होते. टाय लावलेली पोरं हिंदीत सांगायची, आत जाताना असं हसा, खुर्चीवर असं बसा, पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांगा' हाच असतो. त्याचं उत्तर मी मराठी करून पाठ केलं आणि मशीन चालवता चालवता म्हणायला लागले. "मी मेहनती, प्रामाणिक आणि वेळ पाळणारी आहे. मला टीममध्ये काम करायला आवडतं."

आत्यांनी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ही कोण बाई?"

"मीच."

"टीम कंची तुझी? शेजारणीसंगं पापड लाटायला जा म्हणलं तर डोकं दुखतंय तुझं."

मला हसू आलं. "मग काय सांगू?"

"खरं हाय ते सांग की. काय करतीस ते सांग."

खरं सांगायला बसले तर ते दोन वाक्यांत संपायचं. बारावी झाले, लग्न होऊन येरमाळ्याला आले, फॉल-पिको करते. पुढं काय? तेव्हा आत्यांनीच विचारलं, "चैतात येडाईच्या यात्रेला घरात साड्यांचा ढीग किती पडतो?"

"कॉटवर जागा राहत नाही."

"एकीची साडी दुसरीला गेली का कवा?"

"नाही."

"येळ चुकली?"

"नाही."

"मग ते सांग. त्या साहेबाला ह्यातलं काय ठावं हाय?"

मी पाठ केलेलं उत्तर सोडून दिलं. यात्रेच्या साड्यांचं कसं सांगायचं, त्याची जुळवाजुळव करायला लागले.

एका संध्याकाळी नवऱ्यानं माझा व्हिडिओ काढला. मी खुर्चीत बसले, तो समोर मोबाईल धरून उभा राहिला आणि अगदी अधिकाऱ्यासारखा आवाज काढून म्हणाला, "स्वतःबद्दल सांगा." मी सांगितलं. मग आत्यांना बोलावून तिघांनी मिळून बघितलं. बोलणं बरं वाटत होतं, पण हसायची वेळ आली की माझा हात आपोआप तोंडावर जात होता. एकदा नाही, दर वेळी.

"तोंड का झाकतीस?" नवऱ्यानं विचारलं.

"दात," मी म्हणाले. माझा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. शाळेत असताना हातपंपाचा दांडा लागला होता. तेव्हापासून मी हसताना हात नेते.

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बारा वर्षं झाली लग्नाला, मला तर तो दात कधी दिसला न्हाय."

"हात असतो म्हणून."

"तसं न्हाय," तो म्हणाला आणि मोबाईल ठेवून हातपाय धुवायला गेला. त्यानंतर मी बोलताना दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवायची सवय लावून घेतली. सुरुवातीला बोटं दुखायची.

आता चिडलेल्या गिऱ्हाइकाची तयारी करायची होती, आणि त्यासाठी मला बाहेर कुठं जायची गरज नव्हती. आमच्या आत्यांइतकं अवघड गिऱ्हाईक येरमाळ्यात दुसरं नाही. यात्रेतले बांगडीवाले त्यांना लांबून ओळखतात. भाजीवाला त्यांच्यासाठी टोपलीच्या तळातली वांगी वर काढून ठेवतो, कारण त्या तळापर्यंत हात घालणारच.

त्यांनी स्वतःचं एक जुनं इरकली लुगडं पिशवीत घातलं, चपला घालून बाहेर गेल्या आणि गिऱ्हाईक होऊन दारातून आत आल्या. माझं मशीन म्हणजे काउंटर.

"अगं ए! हे काय दिलंस मला? फाटकं लुगडं! पैसे वापस दे."

"बसा ना आत्या..."

"आत्या कोण? म्या गिऱ्हाईक हाय."

"बसा ना बाई."

"बसाय येळ न्हाय. पैसे काढ."

"चुकलं आमचं. देते."

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "झालं? एवढ्यात दुकान बुडीवलंस? लुगडं उघडून बघितलंस का?"

"नाही."

"मग चूक तुमची हाय, हे कुणी सांगितलं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी ताठ राहायचं ठरवलं. "पैसे मिळणार नाहीत," मी म्हणाले. त्यावर आत्यांनी असा काही आवाज लावला की शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. आत्या त्यांना म्हणाल्या, "काय न्हाय, मुलाखत चाललीय." काकू दारातच थांबल्या आणि पुढचं सगळं ऐकून गेल्या. माझा आवाज मात्र त्या दिवशी पहिल्या वाक्यानंतर जो गेला, तो चहाच्या वेळेपर्यंत आलाच नाही.

चार-पाच दिवस असेच गेले. एक तर मी सगळं कबूल करून टाकायची, नाहीतर गप्प व्हायची. तिसरं काही मला येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आत्यांनाही ते शिकवता येत नव्हतं, कारण त्या जन्मभर गिऱ्हाइकाच्या बाजूलाच उभ्या राहिलेल्या. हे त्यांनीच ओळखलं. एका सकाळी म्हणाल्या, "चल कळंबला. आज म्या भांडते. तू माझ्याकडं बघायचं न्हाय. दुकानदाराकडं बघ."

कळंबच्या बाजारपेठेत कापडाचं एक जुनं दुकान आहे, गादीवर बसून माल दाखवतात ते. नागपंचमीला तिथून घेतलेल्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता, त्यामुळं आत्यांकडं खरीच तक्रार होती. बसमध्ये त्यांचे ओठ हलत होते. काय काय बोलायचं, त्याची उजळणी चालली असावी.

गादीवर कपाळाला विभूती लावलेला, पन्नाशीतला एक माणूस होता. आत्यांनी पायरीवरूनच सुरुवात केली. फसवलंत, म्हाताऱ्या माणसाला लुबाडलंत, असला माल विकताना लाज कशी वाटत नाही. मी ठरल्याप्रमाणं त्या माणसाकडं बघत होते. त्यानं आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कापड बाजूला सरकवलं. लुगडं मांडीवर घेतलं आणि एकेक घडी उघडून बघायला लागला. मधे एकदाही बोलला नाही. आत्या बोलत राहिल्या, तो बघत राहिला. शेवटी आत्यांजवळचं बोलणं संपलं. तरी तो क्षणभर थांबला, आणखी काही आहे का म्हणून. मग म्हणाला, "रंग गेलाय आजी. खरं आहे तुमचं. काठाचा पदरावर चढलाय."

"मग?"

"पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं का?"

आत्या थांबल्या. "न्हाय."

"आम्ही सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नसेल. धुतलेला माल मला वापस घेता येत नाही. पण आमचा रंगारी आहे, त्याच्याकडून काठ परत रंगवून देतो. पुढच्या बाजाराला न्या. आता पाणी घ्या."

आत्यांनी पाणी घेतलं. आम्ही दुकानातून बाहेर आलो. स्टँडच्या बाकड्यावर बसल्यावर आत्या नाराज आवाजात म्हणाल्या, "त्यो न्हायच म्हणला की गं मला."

"हो."

"आन मला राग बी आला न्हाय." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "न्हाय म्हणला, पर हातात कायतरी देऊन म्हणला. बघितलंस का?"

मी बघितलं होतं. बस येईपर्यंत मी मनात तेच घोळवत होते. आधी पूर्ण ऐकायचं. मग खरं असेल तेवढं मान्य करायचं. होत नसेल ते स्पष्ट सांगायचं, आणि काय होईल तेही सांगायचं. व्हिडिओवाल्या पोरांनी हे कुणीच सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर आमचा खेळ बदलला. आता मी लुगडं उघडून बघायची, आत्यांना बोलू द्यायची, मग सांगायची. दोन दिवसांत जमायला लागलं. आत्या खूश व्हायच्या ऐवजी आणखी चढल्या. त्यांचं म्हणणं, सगळी माणसं लुगड्यावरच भांडत नाहीत.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या पुन्हा गिऱ्हाईक होऊन आल्या. मी सगळं नीट केलं. शेवटी म्हणाले, "बाई, पैसे परत देता येणार नाहीत, पण..." तोवर त्या मधेच कडाडल्या, "पण काय? लई शिकलीस व्हय? मोठ्या माणसाला उलटून बोलायलीस. बापानं काय वळण लावलं न्हाय वाटतं तुला!"

माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आत्यांनी कधी त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता. कानात गरम वाटायला लागलं. नेहमीसारखं सगळं बंद होणार असं वाटलं, आणि तरीही आवाज आला. मोठा नव्हता, पण सरळ आला.

"माझ्या वडिलांचं काढायचं नाही," मी म्हणाले. "लुगड्याचं बोला. लुगड्याचं काय करायचं ते मी सांगते."

आत्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचं गिऱ्हाईक हळूहळू उतरलं. त्या जवळ आल्या, लुगड्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "तुझा बाप लई चांगला माणूस व्हता. म्या मुद्दाम बोलले. उद्या कुणी बोललं तर आज ऐकलेलं असावं म्हणून."

"कळलं मला," मी म्हणाले. मी उगाचच बॉबिन भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्टँडवर सोडलं. मी फिकट निळी सुती साडी नेसले होते. आत्यांनी निघताना नेहमीसारखी दही-साखर हातावर दिली.

दुकान अजून पूर्ण झालं नव्हतं. रंगाचा आणि प्लायवुडचा वास येत होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुतळे भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्यांवर मुलीच मुली. विशी-बाविशीच्या, केस मोकळे सोडलेल्या, हातात फायली. कळंबच्या, वाशीच्या, धाराशिवहूनही आलेल्या. मी एका खुर्चीजवळ उभी राहिले, तेव्हा तिथल्या मुलीनं आदरानं विचारलं, "काकू, तुमची मुलगी आत गेलीय का?"

"मीच आलेय," मी म्हणाले.

तिनं जीभ चावली आणि पटकन शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली. "बसा ना. मलापण लय भीती वाटायलीय." मग आम्ही दोघी बसून राहिलो. मला परत जावंसं वाटलं नाही असं नाही. दार समोरच होतं. पण बसचं तिकीट काढून आपण आलो ते दार बघायला नाही, असं स्वतःला सांगून मी नजर दुसरीकडं वळवली.

आत टेबलापलीकडं दोघं होते. एक लॅपटॉपवाली तरुण बाई, मोठ्या ऑफिसातून आलेली, आणि इथल्या शाखेचा होणारा मॅनेजर, जागरणानं डोळे लाल झालेला. पहिला प्रश्न तोच होता. मी यात्रेचं सांगितलं. पन्नास घरांतल्या साड्या, एकसारखे रंग, प्रत्येकीची घाई, कुणाची पाहुणी आलेली तर कुणाला उद्याच ओटी भरायची, आणि या सगळ्यांत एकही साडी चुकीच्या घरी गेली नाही. हसायची वेळ आली. हात निघाला होता, तो मी परत मांडीवर ठेवला आणि तसंच हसले. दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग मॅनेजर म्हणाला, "समजा मी चिडलेला ग्राहक आहे." त्यानं खोक्यातला एक शर्ट उचलला. "हा शर्ट मला बदलून हवा आहे. आत्ताच्या आत्ता."

इतकं शुद्ध आणि इतकं नरम! आत्यांच्या मानानं हा माणूस म्हणजे दुधावरची साय होता. तो आणखी बोलेल म्हणून मी थांबले. त्याचं बोलणं संपलेलं होतं, पण मी थांबलेय म्हटल्यावर त्याला काहीतरी बोलणं भाग पडलं. "आणि... आणि मी लांबून आलोय."

"कुठून आलात दादा?"

"ढोकीहून."

"मग आधी बसा. पाणी घ्या. शर्ट बघू द्या." मी घडी उघडली. शर्ट नवाच होता, पण तो वापरलेला आहे असं धरून मी बोलले. "कॉलरला घाम लागलाय दादा, म्हणजे घातलेला आहे. तो बदलून देता येणार नाही. पण बाहीची शिवण उसवलीय, ती आमची चूक. तुम्ही चहा घेऊन या, तोवर शिवून ठेवते."

मॅनेजर हसला. लॅपटॉपवाल्या बाईनं काहीतरी टाइप केलं. मग स्क्रीनवर बघताना तिचा चेहरा बदलला.

"ताई, तुम्ही खरंच छान बोललात," ती म्हणाली. "पण तुमचं वय छत्तीस आहे. आम्ही तिशीच्या आतल्यांना घेतो. दिवसभर उभं राहायचं काम, सुट्टी उशिरा. तुम्हाला त्रास होईल. तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण..."

ती फार नीट बोलत होती. शांतपणे, माझ्याकडं बघत. मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. एरवी मी 'बरं' म्हणून उठले असते. समोरचा ग्लास उचलून मी पाणी प्यायले.

"मॅडम, नाही म्हणताय ते कळलं," मी म्हणाले. "पण काय करता येईल, ते सांगितलं नाही तुम्ही."

"म्हणजे?"

"नुसतं नाही म्हणून माणसाला दारातून पाठवू नये. मी येरमाळ्याहून आलेय. वयाचं माझ्या हातात नाही, त्याला मी काय करणार? उभं राहायची मला सवय नाही, मी बसून काम केलंय, खोटं कशाला सांगू. पण सवय होईल. उशीर झाला तर शेवटची बस आहे. आता तुमच्याकडं माझ्यासाठी काय आहे, ते सांगा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मॅनेजर हळूच म्हणाला, "दिवाळीपुरती माणसं घ्यायचीत ना. त्यांना वयाची अट नाही."

"ते घड्या घालायचं काम," बाई म्हणाली. "काउंटर नाही मिळणार."

"घड्या घालीन," मी म्हणाले. "पण ओरडणारं कुणी आलं की मला बोलवा. मी त्याचीच तयारी करून आलेय."

ती पहिल्यांदा मोकळी हसली. कळवतो म्हणाली.

घरी आल्यावर आत्यांना सगळं सविस्तर सांगावं लागलं, दोनदा. मॅनेजरचं चिडणं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. "असलं कुठं गिऱ्हाईक असतंय व्हय?" म्हणाल्या. फोनची वाट बघण्यात दिवस गेले. मधे गौरी-गणपतीच्या साड्या येत होत्या, त्या करत होते. एकदा मीच दुकानाच्या नंबरवर फोन करून विचारलं, माझं काय झालं. घेतलेल्या माणसांचे गणवेश अजून यायचेत, ते आले की सगळ्यांना एकदमच बोलावणार, असं मॅनेजर म्हणाला. म्हणजे घेतलं होतं. मला सांगायचंच राहून गेलं होतं. मी फोन ठेवला आणि मशीनवर नुसती बसून राहिले. मग उठून नवऱ्याच्या दुकानापर्यंत चालत गेले आणि त्याला सांगून परत आले. त्यानं ग्रीसचे हात वर करून, "जमलं?" एवढंच विचारलं, आणि दुकानात आलेल्या शेतकऱ्याला चहा पाजला.

पहिल्या आठवड्यात पाय असे सुजले की बसच्या पायरीवर चढताना दांडा धरून थांबायला लागायचं. घड्या घालून घालून बोटांची सालं निघाली. आणि काउंटरवर पहिल्यांदा मला बोलावलं, तेव्हा मी सपशेल हरले. एक माणूस मुलाची पँट आपटून ओरडत होता, आणि मी पूर्ण ऐकून घेतलं, पण बोलायची वेळ आली तेव्हा आवाजच निघाला नाही. मॅनेजरनं येऊन सावरलं. त्या दिवशी माल ठेवायच्या खोलीत जाऊन मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला वाटलं, उद्यापासून आपल्याला घड्याच घालायला सांगतील. संध्याकाळी मीच मॅनेजरला गाठलं. "पुढचं गिऱ्हाईक पण मलाच द्या," मी म्हणाले. त्यानं दिलं. दुसऱ्या वेळी आवाज आला. घोगरा होता, पण आला. तिसऱ्या वेळी मी त्याचा विचारच केला नाही, कारण त्या बाईला तिच्या जाऊबाईंनी टोमणा मारला होता आणि तिला साडीपेक्षा तेच सांगायचं होतं.

दिवाळी झाली. दिवाळीपुरती घेतलेली माणसं एकेक करून कमी व्हायला लागली. माझ्याबद्दल कुणी काहीच बोलत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. रोजच्या बसनं जात राहिले. एका दुपारी मी लहान मुलांचे फ्रॉक मापाप्रमाणं लावत होते. मॅनेजर जाता जाता थांबला. म्हणाला, "ताई, एक तारखेपासून तुम्ही काउंटरला. कायमच्या."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण तेवढ्यात एक बाई बिल हरवलं म्हणून रागारागानं पुढं आली. कडेवर रडणारं मूल, पदर सुटलेला. मी हातातला फ्रॉक खाली ठेवला आणि तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.